सणाच्या पहाटे धावणारी आई

(वाचावयाचे शास्त्रभाग : मत्तय, अध्याय २८, लूक, अध्याय २३ व २४, इब्री लोकांस पत्र, अध्याय १२.)



आपल्या प्रभूच्या पुनरुत्थानाचा वृत्तांत आपण दर वर्षी ऐकतो. तो आपल्या इतक्या परिचयाचा झाला आहे की, त्यातील एक लहानशी गोष्ट आपल्या लक्षातून निसटून जाते. त्या पहाटे कबरेपासून निघालेल्या स्त्रिया रमतगमत चालल्या नाहीत, त्या धावत गेल्या, असे मत्तय लिहितो. त्या कोण होत्या हे लूक सांगतो : मग्दालीया मरीया, योहान्ना आणि याकोबाची आई मरीया. ह्या तिसरीची ओळख तिच्या लेकराच्या नावाने दिली आहे, जशी आपल्या गावात बाईची ओळख अमक्याची आई म्हणून दिली जाते. अशा रीतीने ख्रिस्ती मंडळीचा सर्वांत मोठा सण पृथ्वीवर पहिल्याने उजाडला, तेव्हा त्याची वार्ता घेऊन धावणाऱ्यांत एक आई होती.

आता ह्याच्या मागील दोन दिवस पाहा. त्या स्त्रियांनी सुगंधी द्रव्ये तयार केली, हे घरातले, हाताचे, बायकांच्या नित्याच्या सवयीचे काम होते. मग शब्बाथ आला आणि आज्ञेप्रमाणे त्यांनी विश्रांती घेतली. लूकाने हे आवर्जून नमूद केले आहे. शोकाचे दिवस होते, हाती काम अर्धे राहिले होते, तरी त्या स्वस्थ बसल्या. मग पहाट झाली, त्या निघाल्या, त्यांनी पाहिले, आणि त्या धावल्या. काम, विश्रांती, धाव आणि साक्ष, असा हा क्रम आहे. ह्यांतील एकही गोष्ट गाळली असती तर वार्ता पोहोचण्यास उशीर झाला असता.

हा क्रम मनात धरून आपण आपल्या मंडळीतील आईकडे पाहू या. नाताळच्या किंवा पुनरुत्थानाच्या सणाच्या सकाळी ती कोठे असते? घंटा वाजते, पुरुष धुतलेले कपडे घालून पुढे बसतात, मुले नव्या कपड्यांत मिरवतात, उपदेशक शास्त्र उघडतो. आई मात्र उशिराने येऊन दाराशी बसते, आणि शेवटची प्रार्थना चालू असता हळूच उठून जाते, कारण चुलीवर भात ठेविलेला आहे आणि पाहुणे उपासनेहून थेट जेवावयास येणार आहेत. पुष्कळ घरी तर ती येतच नाही. आदल्या रात्री करंज्या तळता तळता बारा वाजलेले असतात, आणि पहाटे सर्वांच्या आधी तीच उठलेली असते. सणाचा आनंद ती सर्वांना वाढते, पण तिच्या स्वतःच्या ताटात काय पडले हे कोणी पाहत नाही.

सणाचे राहू द्या, तिचा साधा दिवस घ्या. पुष्कळ गावांत आता नळ आला आहे, गॅसची शेगडी आली आहे, ह्याबद्दल आपण देवाचे आभार मानू. पण नळाला पाणी येण्याची वेळ राखणे तिच्याकडेच आहे, आणि गॅसची टाकी संपली म्हणजे सरपण गोळा करणेही तिच्याकडेच. झाडलोट, भाकरी, मुलांचे डबे, म्हाताऱ्या सासूचे औषध, शेळीचा पाला, मग दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणी किंवा कापूसवेचणी, आणि परत आल्यावर पुन्हा तीच चूल. घरात सर्वांची निजानीज झाल्यावर दूध विरजून ती आडवी होते. ह्या वाटेला अंतराचे दगड नाहीत आणि ती संपल्याची कोणी शिटी वाजवीत नाही. उद्या पुन्हा पहिल्या पावलापासून आरंभ.

गंमत ही की, जगातील मोठमोठ्या शहाण्यांस पुष्कळ वर्षे असे वाटत होते की, लांब धावण्याचे बळ स्त्रीच्या अंगी नाही. १९२८ साली ॲमस्टरडॅम येथील ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांची ८०० मीटरांची शर्यत झाली. शर्यतीअंती काही स्त्रिया दमून मैदानावर पडल्या, अशी ओरड झाली आणि ती शर्यत बंद करण्यात आली. ती पुन्हा १९६० साली रोम येथे सुरू झाली. मॅरेथॉन म्हणून जी ४२.१९५ किलोमीटरांची लांब शर्यत आहे, तीत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांस प्रथम १९८४ साली लॉस एंजलिस येथे स्थान मिळाले. त्याच्या आधीच्या वर्षी नॉर्वे देशाची इंग्रिड क्रिस्तियनसेन ही आई झाली होती. तिने १९८५ साली लंडन येथे ती शर्यत २ तास २१ मिनिटे ६ सेकंदांत पुरी केली. तोपर्यंत इतक्या थोड्या वेळात कोणतीही स्त्री ती धावली नव्हती. स्त्रीला ८०० मीटर झेपणार नाहीत, असे जेव्हा सभांत ठरत होते, तेव्हा आपल्या आज्या डोकीवर हंडा घेऊन कोसभर पाणी आणीत होत्या. त्यांचे कोणी मोजले नाही, एवढेच.

परंतु बळ आहे म्हणून किती भार घालावा, हा निराळा प्रश्न आहे. म्हणून लांब धावणारे कसे धावतात, हे थोडे समजून घेऊ. इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने आणि पौलाने आपल्या जीवनक्रमाला शर्यतीची उपमा दिली आहे, आणि ती उपमा तपशिलाने पाहिली तर पुष्कळ शिकविते.

लांब धावणारा मनुष्य आरंभी सर्व जोर खर्च करीत नाही. स्नायूंत आणि यकृतात साठलेले साखरेचे इंधन मर्यादित असते. जो आरंभी बेफाम पळतो त्याचे पाय सुमारे तीस किलोमीटरांनंतर शिशासारखे जड होतात. त्यास वाटेत पाणी लागते, म्हणून मोठ्या शर्यतींत सुमारे पाच पाच किलोमीटरांवर पाण्याची ठिकाणे मांडलेली असतात आणि तेथे दुसरी माणसे पेले भरून हात पुढे करून उभी असतात. शिवाय तो अंगावर व्यर्थ ओझे घेत नाही. जुनी फाटकी पादत्राणे चालतील, पण खिशात दगड चालणार नाही.

ह्या शेवटल्या गोष्टीवरच इब्री पत्राच्या बाराव्या अध्यायात भर दिला आहे. धावावयाचे तर आधी भार टाका, असा त्याचा आशय आहे. तेथे पापाचा उल्लेख आहेच, पण भाराचा उल्लेख पापापासून वेगळा आहे, हे लक्षात ठेवा. म्हणजे जे पाप नव्हे तेही ओझे असू शकते. आता आम्ही आपणांस विचारतो : आपल्या घरातील आईच्या पाठीवरचे ओझे देवाने किती दिले आहे आणि आपण किती ठेविले आहे? लेकरू देवाने दिले. आजारी सासूची सेवा प्रीतीने येते. पण पुरुषाने आपला पेला आपण उचलून ठेवू नये, सोळा वर्षांच्या मुलाने स्वतःची थाळी धुऊ नये, सणाला शेजाऱ्यापेक्षा एक पक्वान्न अधिक असलेच पाहिजे, पाहुण्यांपुढे घराचे नाक राखण्यास कर्ज काढावे आणि ते फेडण्यास तिनेच अधिक दिवस मजुरीस जावे, हे देवाने कोठे सांगितले? हे दगड आपण तिच्या ओटीत घातले आहेत. घातल्यावर तिच्या सहनशीलतेची आपण उपदेशात स्तुती करितो आणि ती आमच्या मंडळीचे भूषण आहे असे म्हणतो. अशी स्तुती ऐकून तिचे ओझे मासाभराने कमी होत नाही.

पाण्याच्या ठिकाणांविषयी मनात एक चित्र आणा. धावणारी बाई घामाघूम होऊन मेजापाशी येते, आणि तेथील माणसे तिलाच म्हणतात, “बाई, तो हंडा उचला आणि आम्हां सर्वांस पाणी पाजा.” असे घडले तर आपण त्यांस काय म्हणू? सण हे देवाने आपल्या लांब वाटेवर मांडलेले पाण्याचे ठिकाण आहे. शेतकऱ्याच्या घरी हंगामाचा उपकारस्तुतीचा दिवस येतो, नाताळ येतो, लेकराचा बाप्तिस्मा होतो, थोरल्या मुलीचे लग्न ठरते, आणि थकलेल्या जीवास थोडे थांबावयास मिळते. ते थांबणे घरातील ज्या एका माणसास सर्वांत अधिक हवे, त्याच्याच हाती आपण हंडा देतो. पोळ्याच्या दिवशी आपल्या गावचे शेजारी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत, त्याला न्हाऊ घालितात. शब्बाथाच्या आज्ञेत दासदासींबरोबर गुराढोरांच्या विश्रांतीचाही उल्लेख आहे. मग सणाच्या दिवशी बैलापेक्षाही अधिक राबणारे असे जर आपल्या घरात कोणी असेल, तर त्या आज्ञेपुढे आपण कोणत्या तोंडाने उभे राहणार?

आमच्याच महाराष्ट्रातील एक गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. २०१४ सालच्या सुमारास बारामती येथे लता भगवान करे ह्या साठी उलटलेल्या, मजुरी करून पोट भरणाऱ्या बाई ज्येष्ठांच्या शर्यतीत उतरल्या. त्यांचे पती आजारी होते आणि तपासणीस लागणारा पैसा घरात नव्हता. बक्षिसाची रक्कम मिळावी म्हणून त्या नऊवारी लुगडे नेसून अनवाणी धावल्या, आणि पहिल्या आल्या. पुढे २०२० साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली, आणि २०२१ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या कामाचा विशेष उल्लेख झाला. ही गोष्ट ऐकून कोणाचे मन भरून येणार नाही? आम्हीही तिच्या प्रीतीपुढे मस्तक लववितो.

पण बंधूंनो, टाळ्या वाजवून झाल्यावर थोडे स्वस्थ बसून विचार करा. अशी बाई आपल्या मंडळीत असती तर? नवरा खाटेवर आहे, दवाखान्यात तपासणीचा कागद लिहून दिला आहे, आणि ती कोणाजवळ बोलत नाही, कारण तिला माहीत आहे की बोलून काही होत नाही. रविवारी ती आपल्या शेजारी बसून गीत गाते. तिला अनवाणी धावावे लागेपर्यंत आपल्याला कळले असते काय? आणि कळले असते तर आपण तिच्यासाठी केवळ प्रार्थना केली असती, की पेटी उघडली असती? ज्या मंडळीतील बाईला आपल्या नवऱ्याच्या जिवाकरिता एकटीने धावावे लागते, त्या मंडळीने तिचा सत्कार करण्यापूर्वी पश्चात्ताप करावा, असे आम्हांस वाटते. हे आम्ही दुसऱ्या कोणा गावाकडे बोट दाखवून म्हणत नाही. आमच्या आपल्याच दारात उभे राहून म्हणतो.

सोबतीने धावणे कसे असते, ह्याचाही एक दाखला आहे. इथिओपिया देशातील देरार्तू तुलू हिने १९९२ साली बार्सिलोना येथे दहा हजार मीटरांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. पुढे ती आई झाली, आणि २००० साली सिडनी येथे तिने तेच पदक पुन्हा जिंकले. १ नोव्हेंबर २००९ रोजी न्यूयॉर्क येथील मॅरेथॉनमध्ये ती धावत होती, तेव्हा तिचे वय ३७ वर्षांचे होते. तीच शर्यत त्याच्या आधीची दोन वर्षे जिंकणारी इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ, जीही एका मुलीची आई होती, पायाच्या दुखण्याने मागे पडू लागली. तेव्हा तुलूने तिच्याकडे वळून तिला बरोबर येण्यास धीर दिला, असे त्या शर्यतीच्या वृत्तांतांत सांगितले गेले. शर्यत तुलूनेच जिंकली. मागे वळून पाहिल्याने तिचे काही गेले नाही. प्रतिस्पर्ध्यांत जर हे होऊ शकते, तर एका देहाचे अवयव म्हणविणाऱ्यांत ते का होऊ नये?

आणि ध्यानात घ्या की, जी आई दोन अडीच तास शर्यतीत धावते, तिच्यामागे त्या वेळी तिचे लेकरू सांभाळणारे कोणी तरी असते. एकटी आई लांब धावत नाही, ती केवळ थकते.

तेव्हा काय करावे? आम्ही ज्या गोष्टी सांगतो त्या साध्या आहेत आणि येत्या सणापासून करिता येण्यासारख्या आहेत.

उपदेशक बंधूंनो, सणाची उपासना ठरविताना स्वयंपाकाची वेळ आधी ठरवा. गावजेवण असेल तर ते पुरुषांनी रांधावे. ह्यात नवल ते काय? लग्नात शेकडो पानांचा स्वयंपाक पुरुष आचारीच करितात. मोबदला घेऊन जे हात डाळीला फोडणी घालू शकतात, ते प्रीतीनेही घालू शकतील. उपासना संपेपर्यंत कोणाचीही चूल पेटू नये, आणि जेवणास थोडा उशीर झाला तर होऊ द्यावा. सणाच्या दिवशी निदान एका आईस आपली साक्ष सांगण्यास पुढे बोलवा, आणि ती बोलत असता घड्याळाकडे पाहू नका. मुठीचे धान्य जमविण्याची चाल जेथे मोडली असेल तेथे ती पुन्हा सुरू करा, आणि त्यातील वाटा आजारपणाच्या गरजेकरिता बाजूला ठेवा. त्याचा हिशेब दोन स्त्रियांच्या हाती द्या, कारण कोणाच्या घरी आज पीठ नाही, हे पुरुषांपूर्वी त्यांस कळते.

घरधन्यांनो, इब्री पत्रातला तो भार कोणता, ह्याचा शोध आपल्या चुलीपाशी बसून घ्या. एक काम निवडा आणि ते तिच्याकडून कायमचे आपल्याकडे घ्या. एखादे दिवस मदत करून उपकार दाखविणे हा त्याचा पर्याय नव्हे. पाणी भरणे घ्या, मुलांस न्हाऊ घालणे घ्या, रात्रीची भांडी घ्या. आपल्या प्रभूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, आणि त्या कामाने त्याची थोरवी कमी झाली असे कोणत्याही शिष्याने लिहून ठेविले नाही.

मुलांनो, तुमच्या बहिणीस शाळेच्या मैदानावर धावावेसे वाटत असेल तर तिला हसू नका, आणि तिच्या वाटचे शेळीचे काम त्या तासापुरते तुम्ही करा.

आणि बहिणींनो, शेवटी तुम्हांस एक शब्द. मार्था पुष्कळ कामांच्या ओढीने व्यग्र झाली होती. प्रभूने तिचा धिक्कार केला नाही, त्याने तिला दोनदा नावाने हाक मारिली. तुमचीही हाक तशीच आहे. माझ्यावाचून ह्या घराचे पान हलत नाही, ह्या विचारात जे थोडे सुख असते, ते आम्ही जाणतो, पण तो विचारही एक दगडच आहे. मुलाची भाकरी वाकडी झाली तरी त्याला थापू द्या. दोन करंज्या कमी झाल्या तर सण लहान होत नाही. तुमच्या दुखण्याविषयी, तुमच्या गरजेविषयी वेळेवर बोला. शेवटच्या पावलापर्यंत गप्प राहणे म्हणजे विश्वास, अशी शिकवण प्रभूने दिलेली नाही.

शिष्यांनी त्या पहाटे काय केले, हे ठाऊक असेल. धावत आलेल्या स्त्रियांचे बोलणे त्यांस रिकाम्या गप्पा वाटले, असे लूक प्रामाणिकपणे लिहितो. जगातील सर्वांत मोठी वार्ता त्यांच्या दारात धापा टाकीत उभी होती आणि त्यांना ती खरी वाटली नाही. ही चूक आपण पुन्हा करू नये. येत्या सणाच्या पहाटे आपल्या मंडळीतील आया दमलेल्या नसोत, त्यांचे पाय मोकळे असोत, आणि त्यांना सांगावयाचे आहे ते ऐकण्यास आपण आपापल्या जागी वेळेवर बसलेले असू, एवढी कृपा प्रभू आपणां सर्वांवर करो. आमेन.